शरणपूर ते राबाई : ख्रिस्ती श्रद्धा आणि आफ्रिकन स्वत्व

१

मराठी ख्रिस्ती साहित्याची आणि समाजाची चर्चा करताना अभ्यासकांची वाट बहुधा ठरलेली असते. १६१६ मध्ये राचोल येथे छापल्या गेलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’पासून ती निघते, बाबा पदमनजी आणि पंडिता रमाबाई यांच्यापाशी विसावते आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांपाशी पोचून कृतार्थ होते. या साऱ्या वाटेवर एकच प्रश्न सोबतीला असतो. परक्या भूमीतून, परक्या सत्तेच्या सावलीत आलेला धर्म स्वीकारूनही माणूस आपल्या मातीचा राहू शकतो काय? मराठी वाङ्मयाने या प्रश्नाचे उत्तर ओवी-अभंगांच्या भाषेत दिले आणि ते सामान्यतः समाधानकारक मानले गेले आहे.

याच प्रश्नाचे आणखी एक प्रकरण एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्राच्याच भूमीवर, नाशिक शहराच्या वेशीवर घडले. त्यातील माणसे मराठी नव्हती. ती पूर्व आफ्रिकेतून पळवून आणलेली, समुद्रावर सोडवली गेलेली आणि गोदावरीच्या काठी वाढलेली मुले होती. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नाशिक बॉइज’ म्हटले गेले, तर मोम्बासाच्या किनाऱ्यावर त्यांची ओळख ‘बॉम्बे आफ्रिकन’ अशी झाली. आफ्रिकेच्या इतिहासकारांनी त्यांची दखल घेतली असली, तरी मराठी समाजेतिहासाने त्यांच्याकडे फारसे पाहिलेले नाही. ख्रिस्ती श्रद्धा आणि आफ्रिकन स्वत्व यांचा मेळ कसा घालावा, या जगभर चर्चिल्या गेलेल्या प्रश्नाचा एक आरंभ नाशिकमध्ये आहे, ही गोष्ट त्यामुळे नजरेआड राहिली.

२

आफ्रिकन माणसे महाराष्ट्राला नवी नव्हती. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर सतराव्या शतकाच्या आरंभी निजामशाहीचा सूत्रधार झाला आणि १६२६ मध्ये त्याच पदावर असताना मरण पावला. जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी तर स्वतःचे राज्य उभारले. परंतु या मंडळींना दख्खनमध्ये जो आधार मिळाला तो इस्लामचा आणि तलवारीचा. पोर्तुगीजांच्या गोव्यात आफ्रिकन गुलामांचा बाप्तिस्मा होत असे. तेथे मात्र गुलाम ख्रिस्ती झाला तरी गुलामच राहत असे.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. ब्रिटिश आरमाराची जहाजे अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबते पकडू लागली. पकडलेल्या गलबतांतील माणसांचे करायचे काय, हा प्रश्न मुंबई सरकारपुढे उभा राहिला. त्यांतील काहींना घरगुती चाकरीत दिले गेले, काही बंदरावर व जहाजांवर कामाला लागले आणि अनेक मुले मिशनऱ्यांच्या स्वाधीन केली गेली. चर्च मिशनरी सोसायटीचे कार्ल विल्हेल्म ईझेनबर्ग यांनी पूर्वी इथिओपियात काम केले होते. अम्हारिक भाषेचे व्याकरण आणि कोश त्यांच्या नावावर होता. मुंबईत या मुलांकडे त्यांचे लक्ष वेधले गेले ते स्वाभाविकच होते. १८६०च्या सुमारास या कामाचे केंद्र नाशिकला, शरणपूर येथे स्थिरावले. तेथे विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबांची वसाहत आकाराला आली होती. तिच्यात आफ्रिकन मुलांसाठी आश्रम आला.

या मुलांना अक्षरओळख, पवित्र शास्त्र, इंग्रजी आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातांचे उद्योग शिकवले जात. सायमन प्राइस, रिचर्ड ईझेनबर्ग, एडवर्ड गार्डनर, जेकब वेनराइट अशी त्यांची नवी नावे. त्यांतील काही आडनावे सरळसरळ मिशनऱ्यांचीच होती. आईबापांनी ठेवलेली नावे बहुतेकांच्या बाबतीत नोंदवलीच गेली नाहीत.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही मुले घरून निघाली तेव्हा ‘आफ्रिकन’ नव्हती. कोणी याओ होते, कोणी मकुआ, कोणी न्यासा सरोवराच्या काठचे, कोणी ओरोमो. त्यांच्या बोली भिन्न होत्या आणि त्यांच्या जमातींत पूर्वीची वैरेही असत. क्वचित एका जमातीनेच दुसरीची मुले विकलेली असत. आपण सारे एकाच भूमीचे आहोत, हे त्यांना कळले ते परक्या भूमीवर आल्यानंतर. शरणपूरच्या एका छपराखाली, एका पंगतीला, एका प्रार्थनेला ती बसली तेव्हा ‘आफ्रिकन’ हे समान नाव त्यांच्या वाट्याला आले आणि त्याच अंगणात ‘ख्रिस्ती’ हे दुसरे नावही. आधी एक निश्चित आफ्रिकन ओळख होती आणि नंतर तिच्यावर ख्रिस्ती धर्म चढवला गेला, अशी जी सर्वसाधारण मांडणी केली जाते ती या मुलांना लागू पडत नाही. त्यांच्या जीवनात या दोन ओळखी जुळ्या भावंडांसारख्या आल्या.

३

या जुळेपणाची कसोटी लागली ती परतीच्या वेळी. १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या अखेरच्या शोधयात्रेस निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर नाशिकचे नऊ तरुण होते. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहून १८६५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला चुमाही त्या तांड्यात होता. लिव्हिंग्स्टन यांची अपेक्षा अशी की, हे तरुण आपल्या जन्मभूमीत पाऊल ठेवताच तिच्याशी एकरूप होतील. प्रत्यक्षात ते त्यांना अडखळणारे, कुरकुरणारे वाटले, आणि त्यांनी आपल्या रोजनिशीत त्यांच्याविषयी कठोर शब्द लिहिले.

त्याच रोजनिशीत एका भेटीचा वृत्तान्त आहे. वाटेतील याओ मुलुखात अब्राहाम नावाच्या नाशिकच्या तरुणाला त्याचा मामा भेटला. त्याने भाच्याला ओळखले आणि येथेच राहा असा आग्रह धरला. लिव्हिंग्स्टन यांनीही भर घातली. काही महिने तग धरता येईल इतका माल देण्याची त्यांची तयारी होती. परंतु अब्राहामनंतर त्याची आई आणि बहिणीही विकल्या गेल्या होत्या. जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे राहू कसा, असा त्याचा प्रतिप्रश्न होता, आणि त्यापलीकडे तो काही बोलेना. माया आईच्या बाजूकडे जाते असे दिसते, असा निष्कर्ष लिव्हिंग्स्टन यांनी काढला.

हा निष्कर्ष चुकीचा म्हणता येत नाही, पण तो अपुरा आहे. अब्राहामच्या प्रश्नात स्वत्वाविषयीचे फार मोठे सत्य दडलेले आहे. माती म्हणजे नुसता भूभाग नव्हे. आपल्याला नावाने हाक मारणारे कोणी जिथे असते तेवढीच माती आपली. गुलामांच्या व्यापाराने हाक मारणारा आवाजच नाहीसा केला होता. ‘मुळाकडे परत जा’ हा उपदेश ज्याचे मूळ शाबूत आहे त्यालाच करता येतो. ज्याचे मूळच उपटून बाजारात विकले गेले, त्याच्यापुढे परतण्याचा मार्ग नसतो. त्याला घर नव्याने बांधावे लागते.

४

अशा बांधणीचा पहिला जगप्रसिद्ध क्षण १८७३चा आहे. आजच्या झांबियात असलेल्या चितांबोच्या गावी मे महिन्याच्या आरंभी लिव्हिंग्स्टन मरण पावले. सहकाऱ्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने. १८७२ मध्ये मदतीसाठी पाठवलेल्या तुकडीतून तो आला होता. तो शरणपूरचा विद्यार्थी, जन्माने याओ. त्या झाडाच्या खोडावर त्याने मृताचे नाव आणि तारीख कोरली, आणि त्याखाली तांड्याच्या नायकांची नावेही कोरली. नंतर ते सारे जण देह घेऊन हजार मैलांहून अधिक अंतर चालत राहिले आणि १८७४च्या फेब्रुवारीत बागामोयोला समुद्रकिनारी पोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट हा एकमेव आफ्रिकन होता.

ब्रिटिश वृत्तपत्रांनी या प्रसंगातून स्वामिनिष्ठ सेवकाचे चित्र रंगवले. त्या चित्राने वेनराइटचे मोठेपण झाकले. चितांबोच्या गावी त्याला कोणी पाळक म्हणून नेमले नव्हते. इंग्रज अधिकारी दूरवर कोठे नव्हता. आफ्रिकेच्या अंतर्भागात, आफ्रिकन माणसांच्या मेळ्यात, एक आफ्रिकन तरुण स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती विधी चालवीत होता. अंत्यविधीची भाषा इंग्रजी होती, अक्षरे नाशिकला गिरवलेली होती, आणि मृतदेह जपून, सन्मानाने घरी पोचवण्याचे भान मात्र त्या साऱ्या सहकाऱ्यांचे सामायिक होते. त्यांतील सुसी तर मुसलमान होता. धर्म आणि स्वत्व यांचा मेळ सिद्धान्ताने घालण्याच्या कितीतरी आधी तो अशा कर्तव्याच्या क्षणी घातला गेला होता. वेनराइटने त्या प्रवासाची दैनंदिनी लिहिली. १८७४ मध्ये ती जर्मन अनुवादातून एका भूगोलविषयक नियतकालिकात छापली गेली. इंग्लंडमधला सत्कार लवकरच ओसरला, आणि १८९२ मध्ये पूर्व आफ्रिकेतच त्याचा अंत झाला.

५

वेनराइटची कीर्ती मोठी असली, तरी या इतिहासाचा गाभा राबाई येथे आहे. मोम्बासाजवळील या टेकडीवर योहान लुडविग क्राफ आणि योहान रेबमान यांनी १८४०च्या दशकात ठाणे उभारले होते. अनुयायी मात्र मोजकेच मिळाले. १८६४ मध्ये नाशिकहून विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड यांना तेथे पाठवण्यात आले. त्याच वर्षी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सॅम्युएल अजायी क्राउदर बिशप झाले. तेही लहानपणी गुलामांच्या जहाजातून सोडवले गेलेले आणि त्याच सोसायटीच्या छत्राखाली वाढलेले. आफ्रिकेत आफ्रिकन माणसानेच धर्म सांगावा, ही कल्पना त्या काळी सोसायटीच्या धुरीणांना मान्य होती.

१८७३ मध्ये सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. हे तेच फ्रिअर, जे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. मुक्त केलेल्या लोकांसाठी मोम्बासासमोर वसाहत उभी राहिली आणि तिला फ्रिअर टाउन हे नाव मिळाले. नाशिकहून प्राइस तेथे गेले आणि शंभरावर ‘बॉम्बे आफ्रिकन’ मंडळीही गेली. शरणपूरची वही जणू तेथे पुढे लिहिली जाऊ लागली. शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे, धर्मोपदेशक ही सारी कामे या मंडळींनी उचलली.

आणि येथेच खरा संघर्ष उभा राहिला. नाशिकला शिकलेली ही माणसे इंग्रजी बोलत, सदरा-पाटलोण वापरीत, पगाराची आणि मानाची बरोबरी मागत. नव्याने आलेल्या इंग्रज मिशनऱ्यांना हे रुचेना. ही माणसे पुरेशी आफ्रिकन नाहीत, फार साहेबी झाली आहेत, अशी तक्रार ते करू लागले. ज्यांनी त्यांची नावे बदलली, त्यांनीच आता त्यांना अस्सलपणाची कसोटी लावली. पश्चिमेकडे क्राउदर यांच्यावरही हीच वेळ आली. १८९०च्या सुमारास तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी त्यांच्या आफ्रिकन सहकाऱ्यांना दोषी ठरवले आणि १८९१च्या अखेरीस ते वृद्ध बिशप खचलेल्या मनाने निवर्तले. ख्रिस्ती असणे आणि आफ्रिकन असणे या दोहोंत मुळात वैर नव्हते. दोन्हींचे प्रमाण किती असावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा वादाचा विषय होता.

विल्यम जोन्सचे आयुष्य या वादाला दिलेले उत्तर आहे. १८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर निघाले तेव्हा जोन्स त्यांच्याबरोबर होता. बुगांडाच्या राजाच्या आज्ञेने बिशपांची हत्या झाल्यावर उरलेल्या लोकांना जोन्सने परत राबाईला आणले. तांड्यापुढे एक निळी पताका होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘ईखाबोद’ हा शब्द होता. जुन्या करारातील या हिब्रू शब्दाचा अर्थ, वैभव लोपले. नाशिकला वाचलेले शास्त्र आफ्रिकेच्या रानवाटेवर शोकाची निशाणी झाले.

त्याहूनही मोठी गोष्ट राबाईलाच घडली. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून गुलाम पळून मिशनच्या आश्रयाला येऊ लागले. पळून आलेल्यांना ठेवून घेऊ नये, असा सोसायटीचा आदेश होता. मालकांचा रोष आणि कायद्याची गुंतागुंत टाळणे हा त्यामागचा हेतू. जोन्सने माणसे हाकलली नाहीत. ती येत राहिली, शेती करू लागली, प्रार्थनेला बसू लागली. १८८८ मध्ये प्राइस पुन्हा पूर्व आफ्रिकेत आले तेव्हा प्रकरण उघडकीस आले होते आणि मालकांनी ठाण्यावर हल्ल्याच्या धमक्या दिल्या होत्या. अखेर १ जानेवारी १८८९ रोजी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझी यांनी मालकांना मोबदला देऊन सुमारे १,४०० माणसांना मुक्ततेची पत्रे दिली.

मराठीत ‘शरण’ या शब्दाला दोन अंगे आहेत. शरण जाणारा असतो, तसाच शरण आलेल्याला पाठीशी घालणाराही असतो. आपल्या संतांनी देवाला ‘शरणागतवत्सल’ म्हटले ते याच अर्थाने. जोन्स शरणपूरला आला तेव्हा तो शरण आलेला पोरका होता. राबाईला तो शरण देणारा झाला. ख्रिस्ती धर्म त्याने पाठ केलेला राहिला नाही आणि आफ्रिकनपण वेशभूषेवर अवलंबून राहिले नाही. ज्या दुःखातून आपण आलो त्याच दुःखातून आलेल्या माणसाला दार उघडणे, या एका कृतीत त्याच्या दोन्ही ओळखी एकजीव झाल्या.

६

मराठी ख्रिस्ती परंपरेशी तुलना केली म्हणजे या प्रकरणाचे वेगळेपण स्पष्ट होते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, परंतु गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत असा आग्रह धरला आणि शाकाहारही सोडला नाही. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी, आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या वाटेने, अशी कृतज्ञ कबुली दिली आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ मांडला. टिळकांचा नाशिकशी विद्यार्थिदशेपासून संबंध होता, आणि लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर नाशिकजवळचे जलालपूर. म्हणजे एकाच गोदातीरावर या प्रश्नाच्या दोन कथा घडल्या.

परंतु रमाबाई आणि टिळक यांच्या हाती आधीपासून पुष्कळ काही होते. संस्कृत विद्या होती, संतांची भाषा होती, उच्च जातीतून आलेला आत्मविश्वास होता. ज्यांनी त्यांना बहिष्कृत केले तो समाजही डोळ्यांसमोर होता. परक्या चर्चला ‘हे नको’ म्हणण्याचे बळ या संचितातून येते. देशीकरणाची आपली सारी चर्चा अशा संचिताची गृहीतके धरून चालते. शरणपूरच्या मुलांपाशी असे संचित नव्हते. त्यांना मिळालेल्या नव्या साधनांतूनच, म्हणजे परक्या नावांतून, परक्या अक्षरांतून, परक्या प्रार्थनेतून, आपले घर उभारावे लागले. त्यांचे ‘साहेबी’पण हिणवण्यापूर्वी हे ध्यानात घेणे न्याय्य ठरेल. महाराष्ट्रातील ज्या दलित कुटुंबांनी मिशनच्या शाळेत प्रथम पाटी हाती धरली, त्यांच्या ख्रिस्तीपणाचा विचारही टिळकांपेक्षा जोन्सच्या मापाने करणे अधिक योग्य होईल.

७

विसाव्या शतकात आफ्रिकेने हा प्रश्न स्वतःच्या शब्दांत मांडला. फ्रिअर टाउनच्या परंपरेत वाढलेल्या जेम्स जुमा म्बोटेला यांनी १९३४ मध्ये ‘उहुरू वा वातुम्वा’, म्हणजे ‘दासांची मुक्ती’, हे स्वाहिली पुस्तक लिहिले आणि त्या वसाहतीची स्मृती तिथल्या लोकभाषेत आणली. केनियाचेच जॉन म्बिती (१९३१-२०१९) यांनी, आफ्रिकन माणूस मिशनरी येण्यापूर्वीही देवाला ओळखत होता, हे आयुष्यभर प्रतिपादले. स्वाहिली बायबलात देवासाठी ‘मुंगू’ हा बांटू मुळाचा शब्द आहे, जसा मराठी बायबलात ‘देव’. याउलट न्गुगी वा थिओंगो (१९३८-२०२५) यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘जेम्स’ हे बाप्तिस्म्याचे नाव टाकून दिले. ज्यांना आपले जन्मनाव ठाऊक होते त्यांना हा मार्ग खुला होता. जेकब वेनराइटला तो नव्हता.

भारतात राहिलेल्या आफ्रिकन वंशजांची तिसरी वाट आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूर परिसरातील सिद्दी लोकांत हिंदू, मुसलमान आणि कॅथलिक ख्रिस्ती असे तिन्ही धर्म आहेत. त्यांतील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटून या अरण्यात आले. त्यांच्या बोलीत कोकणी, मराठी, कन्नड मिसळलेल्या आहेत आणि दमाम या ढोलावरचे नृत्य तिन्ही धर्मांचे सिद्दी आपले मानतात. २००३ मध्ये कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले. तेथे आफ्रिकन ओळख कोणत्याच एका उपासनेत अडकली नाही. ती ढोलाच्या ठेक्यात जिवंत राहिली.

नाशिकमध्ये शरणपूर हे नाव आजही एका गजबजलेल्या रस्त्याला आहे. मोम्बासात फ्रिअर टाउनची जुनी घंटा ज्या चौकात आहे त्याला लोक ‘केंगेलेनी’, म्हणजे घंटेपाशी, असे म्हणतात. लिव्हिंग्स्टन यांचा देह वाहणाऱ्यांपैकी अखेरचा ‘नाशिककर’ मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ मध्ये त्याच शहरात मरण पावला. तोवर गोदाकाठचे बालपण आठवणारी माणसे हिंदी महासागराच्या पलीकडे नांदत होती. मराठी ख्रिस्ती परंपरेचा इतिहास लिहिताना त्यांना तळटिपेत ठेवणे यापुढे उचित होणार नाही. शरण आलेल्या अनाथांनी शरण देणारे होऊन आपले स्वत्व सिद्ध केले, हे प्रकरण त्या इतिहासाच्या मुख्य मजकुरातले आहे.